मिटल्याचा कागद

जगदेवच्या वावरातली सुडी अजून हलली नव्हती, तरी चंदाबाई सरव्याला गेली, आणि तिथूनच सगळं बिनसलं. ज्वारीची सोंगणी झाल्यावर जी कणसं वावरात पडून राहतात ती वेचायची, त्याला सरवा म्हणतात. तो हक्क चढणीवरच्या बंजारा तांड्यातल्या बायांचा. कोणी लिहून दिलेला नव्हता, पण खालच्या गावातला एकही कास्तकार नाही म्हणत नसे. अट एकच. पेंढ्यांची रचलेली सुडी वावरातून खळ्यावर गेली, की मग यायचं. सुडी उभी असताना वावरात शिरलेल्या बाईकडे कोणी चांगल्या नजरेने बघत नाही. चंदाबाईला हे ठाऊक होतं. पण घरात सासू, नानीबाई, आठ दिवस तापाने पडून होती. तिचं करण्यात तीन वावरांचा सरवा हातचा गेला होता. आता हेही वावर गावातल्या बाया वेचून नेतील, या धास्तीने ती सकाळी सकाळी उतरली.

जगदेव वावराच्या बांधावर, धुऱ्यावरच होता. तो काही वाईट माणूस नव्हे. पण सकाळीच त्याला सुडीतल्या दोन पेंढ्या ओढलेल्या दिसल्या होत्या, आणि त्याचं टाळकं फिरलेलं होतं. त्याने चंदाबाईला थांबवलं आणि पदरात काय आहे ते दाखवायला सांगितलं. तिने गाठीला हात घातला, पण थंडीने बोटं आखडली होती, गाठ सुटेना. तेवढाही दम त्याला निघाला नाही. त्याने पुढे होऊन पदर हिसकला. ओढायची होती गाठ, पण सगळी ओढणीच हातात आली. कणसं ढेकळांत पडली आणि चंदाबाई दहा-बारा मजुरांसमोर उघड्या डोक्याने उभी राहिली.

तांड्यातली बाई सासऱ्यापुढे, दिरापुढे कधी डोकं उघडं टाकत नाही. इथे तर गावचे पुरुष होते. त्यातला एक जण हसलासुद्धा. जगदेवने कणसं पाहिली. मातीने माखलेली, अर्धी उंदरांनी कुरतडलेली, सरव्यातलीच होती. त्याला ते दिसलं, पण माणूस चुकला की पहिल्यांदा त्याची जीभच बसते. त्याने ओढणी तिच्याकडे टाकली आणि तो पाठ फिरवून निघून गेला. चंदाबाईने ओढणी घेतली, कणसं तिथेच ठेवली आणि ती चढण चढून घरी आली.

तिने घरी काही सांगितलं नाही. नवऱ्याला, हेमसिंगला ते कळलं दुपारी, मोळी विकून येताना, आणि तेही ज्याने पाहिलं नव्हतं त्याच्या तोंडून. ऐकीव गोष्टीला नेहमी दोन पदर जास्त असतात. तो घरी आला, त्याने कुऱ्हाड कुडाला टेकवली, आईच्या कपाळाला हात लावून पाहिला, भाकर खाल्ली. चंदाबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला समजलं की याला समजलं. दोघंही बोलले नाहीत. तेव्हा बोलले असते, भांडले असते, तिने दोन शिव्या हासडल्या असत्या, तर कदाचित तेवढ्यावर निभावलं असतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला हेमसिंग नाल्याच्या वाटेने खाली गेला आणि त्याने सुडीला काडी लावली.

वाळलेली ज्वारी ती. पाहता पाहता जाळ उंच गेला. तांड्यातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. गावाकडून आरडाओरडा ऐकू आला, आणि त्यात एक आवाज माणसाचा नव्हता. हेमसिंग तोवर नाला चढून तांड्याच्या कडेला पोचला होता. तो आवाज ऐकून त्याचे पाय तिथेच थांबले. सुडीच्या पलीकडच्या अंगाला जगदेवने बैल बांधले होते. रोज ते गोठ्यात असत. त्या दिवशी गाडी तिथेच सोडली होती. एक बैल दावं तोडून पळाला. दुसऱ्याचं, हरण्याचं, दावं तुटलं नाही. जगदेवने विळ्याने दावं कापून त्याला ओढून काढलं, तोवर त्याची पाठ आणि डावा पुठ्ठा भाजून निघाला होता.

हेमसिंगच्या आज्याच्या काळी हा सगळा तांडा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख फिरायचा. आजा मरताना म्हणे माणसांची नावं विसरला होता, पण बैलांची सांगत होता. अशा घरातल्या माणसाने मुक्या बैलाला जाळलं. सुडी जाळल्याचं हेमसिंगला दुःख नव्हतं, खोटं कशाला बोला. बैलाने मात्र त्याची झोप आणि अन्न दोन्ही काढून घेतलं. चार दिवस तो दूर टेकाडावर बसून जगदेवच्या गोठ्याकडे बघायचा. पाचव्या दिवशी तो नायकाच्या दारात गेला.

बाबूसिंग तांड्याचा नायक. साठीचा, थोडा फुगीर माणूस. आपल्या बसण्याच्या कडुलिंबाखाली बोललेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं तो मानायचा आणि तांडाही मानायचा. हेमसिंगने पागोटं काढून त्याच्यापुढे ठेवलं आणि सांगितलं की सुडी मी जाळली. कोणी पाहिलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. तांड्याची रीत अशी की ज्याने स्वतःहून कबूल केलं त्याला दंड, पण त्याची बेइज्जती नाही. कबूल केलं म्हणजे अर्धं मिटलं. उरलेलं अर्धं, ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर मिटवायचं.

नायकाने जगदेवला निरोप धाडला. तो येईल असं कोणाला वाटलं नव्हतं, पण आला. लिंबाखाली अख्खा तांडा बसला. हेमसिंगने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. जगदेवने त्याला उठवलं. मग त्याने मान वळवून बायांच्या घोळक्यात चंदाबाई कुठे आहे ते पाहिलं आणि हात जोडले.

"बाई, पयली चूक माही हाय," तो म्हणाला. "तुह्या पदरात सरवाच होता. मले दिसलं होतं."

ते ऐकून पुष्कळ बायांचे डोळे भरून आले. चंदाबाईचेही आले. त्यानंतर ठरायला वेळ लागला नाही. हेमसिंगने दोन सुगी, म्हणजे दोन हंगाम, जगदेवच्या वावरात राबायचं, मजुरी घ्यायची नाही, आणि हरण्या बरा होईस्तोवर त्याचं औषधपाणी करायचं. मानोऱ्याचा पूनमचंद, दुकानदार जैन माणूस, तिळाचा भाव करायला तांड्यात आला होता. अक्षर चांगलं म्हणून नायकाने त्यालाच कागद लिहायला बसवलं. हेमसिंगने रागाच्या भरात सुडी पेटवली, पंचांसमोर कबूल केलं, जगदेवने माफी दिली, तंटा मिटला, असं सगळं त्याने व्यवस्थित लिहिलं. खाली अंगठे झाले. हेमसिंगने तो कागद चंदाबाईकडे ठेवायला दिला. घरातली जपायची वस्तू तिच्याचकडे असायची.

दुसऱ्या दिवसापासून हेमसिंग पहाटे खाली जाऊ लागला. करंजाच्या तेलात हळद कालवून हरण्याच्या पाठीवर कोंबडीच्या पिसाने लावायचा, माशा वारायचा, ओला पाला घालायचा. पहिले दोन दिवस बैलाने त्याला जवळ येऊ दिलं नाही, शिंग मारलं. तिसऱ्या दिवशी उभा राहिला. जगदेवची बायको लांबून बघायची. आठवड्याने तिने हेमसिंगसाठी ओसरीवर भाकर आणि ठेचा आणून ठेवला.

तो तेल लावत असतानाच पोलीस आले.

झालं होतं असं, की आग लागली त्याच रात्री जगदेवने ठाण्यात रपट दिली होती. मग तंटा मिटला आणि रपट तो विसरून गेला. आपण विसरलो म्हणजे सरकारही विसरलं, असं त्याला वाटलं. गावच्या कोतवालाने सांगितलं होतं की त्या दिवशी दिवेलागणीला हेमसिंगला नाल्याच्या वाटेला पाहिलं. जमादाराने हेमसिंगच्या हाताला दोरी लावली, तेव्हा जगदेव आडवा झाला. आमचं आता काही नाही म्हणाला. नायकही धावत आला. जमादार म्हणाला, जे सांगायचं ते कोर्टात सांगा, मला वर जबाब द्यायचा असतो. त्याने फार काही विचारलं नाही, आणि विचारल्याखेरीज जास्त बोलायचं नसतं एवढं दोघांनाही कळत होतं.

पंधरा दिवसांनी नायकाने जामीन राहून हेमसिंगला सोडवून आणलं. मग सात महिने गेले. त्या सात महिन्यांत तो जगदेवकडे राबला. खळं केलं, कुंपण घातलं, उन्हाळ्यात वखर चालवला, आणि त्या वखराला हरण्याच होता. पाठीवर मूठभर जागी केस आले नाहीत एवढंच. संध्याकाळी हेमसिंग घरी यायचा तेव्हा अंग मोडून आलेलं असायचं, पण चंदाबाई म्हणायची, लग्न झाल्यापासून तो इतका शांत कधी झोपला नव्हता. नानीबाईही तापातून उठली होती. केस म्हणजे काय ते तिला नीट कळत नव्हतं. मिटलेल्या गोष्टीसाठी पोराला सारखं वाशीमला कशाला बोलावतात, असं ती विचारायची.

वाशीमला शांतीलाल वकील होते. जगदेवच्याच ओळखीचे. ते कोर्टाच्या आवारात, झाडाखाली टेबल टाकून बसायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी कायदा सांगितला. दहा रुपयांचं पीक मुद्दाम जाळलं तरी सात वर्षांपर्यंत सजा आहे, आणि हा गुन्हा दोघांनी आपसात मिटवता येत नाही. हे ऐकून हेमसिंगचं तोंड उतरलं. वकील म्हणाले, घाबरू नकोस. पेटवताना कोणी पाहिलं नाही. वाटेने चालणं गुन्हा नाही. पोलिसांपुढे काही बोललास का? हेमसिंगने खरं ते सांगितलं, की पोलिसांपुढे नाही बोललो. लिंबाखालचं वकिलांनी विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही. लिंबाखालचं ते आपल्या घरचं, त्याचा कोर्टाशी काय संबंध, असंच तो समजत होता.

"मंग मी काय म्हनू, सायेब?"

"म्हणायचं, मी जाळली नाही."

हेमसिंग मान हलवून उठला. परतताना मोटारीत त्याने चंदाबाईला एवढंच सांगितलं की कोर्टात खोटं बोलावं लागेल, आणि दिवसभर तो तिच्याशी दुसरं काही बोलला नाही.

श्रावणात तारीख लागली. नायक, जगदेव, चंदाबाई, सगळे मोटारीने आले. येताना चंदाबाईने कागद घडी करून काचळीत, चोळीच्या आत ठेवला होता. कशाला, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. घरचा माणूस मोठ्या जागी जातो तर जवळ असेल ते चांगलं सोबत घ्यावं, इतकंच.

कोर्टाच्या खोलीत ती दाराजवळ भिंतीला टेकून उभी राहिली. कोतवालाची साक्ष झाली. शांतीलाल वकिलांनी त्याला विचारलं की ती वाट तांड्याचीच ना, आणि रोज किती माणसं जातात. कोतवाल अडखळला. मग जगदेव उभा राहिला. आग लावताना कोणाला पाहिलं का, असं विचारल्यावर तो नाही म्हणाला, आणि ते खरंच होतं. तेवढ्यावर खाली उतरायचं होतं. वकिलांनी तसं बजावलंही होतं. पण जगदेवला राहवलं नाही.

"सायेब, मले हा खटला नाई पाह्यजे," तो हात जोडून म्हणाला.

न्यायाधीश साहेब रागावले नाहीत. समजावल्यासारखं बोलले. "खटला तुमचा नाही. सरकारचा आहे. तुम्हाला हवा की नको, हा प्रश्नच नाही."

शांतीलाल वकील आपल्या जागी सैल होऊन बसले. त्यांना ठाऊक होतं की आता पुरावा काही उरला नाही. सरकारी वकील कागद आवरत होते. हे सगळं वकिलांना दिसत होतं, भिंतीला टेकलेल्या बाईला कसं दिसावं? तिला एवढंच ऐकू आलं की खटला सरकारचा आहे, आणि जगदेवभाऊने हात जोडले तरी सरकारचं समाधान झालं नाही. तिला वाटलं, नुसत्या तोंडाच्या बोलण्यावर सरकार कसा विश्वास ठेवील. सरकार कागद मागतं. कागद तर आपल्याजवळ आहे. त्यात जाळल्याचंही लिहिलेलं आहे, हे तिच्या मनातही आलं नाही. आणि सरकारचा माणूस कोण, ते मघाशी शिपायानेच तिला बोटाने दाखवलं होतं.

ती चालत पुढे गेली. शिपाई आडवा होईपर्यंत ती सरकारी वकिलांच्या टेबलाशी पोचली होती. तिने कागद काढला, घामाने दमट झालेला, आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

"मिटल्याचा कागद हाय, बापू," ती म्हणाली. "सगळ्याईचे अंगठे हायत."

शांतीलाल वकील उभे राहिले, पण तोवर कागद हातचा गेला होता. सरकारी वकिलांनी कागद एकदा वाचला, मग पुन्हा वाचला, आणि उठून साहेबांकडे दिला. हेमसिंग पिंजऱ्यातून बघत होता. कागद ओळखीचा आहे हे त्याला कळलं, पण तो कोणी दिला ते मधल्या माणसांमुळे त्याला दिसलं नव्हतं, आणि आवाज कोणाचा तेही गलक्यात कळलं नव्हतं.

पुढचं फार लवकर झालं. बाबूसिंग नायकाला बोलावलं. पूनमचंद त्या दिवशी वाशीमच्या बाजारातच होता, दुपारी त्यालाही आणलं. नायकाला शपथ देऊन विचारलं की आरोपी तुमच्यासमोर काय बोलला. बाबूसिंगने वकिलांकडे पाहिलं, हेमसिंगकडे पाहिलं. लिंबाखाली बोललेलं बोललं नाही म्हणायचं, तर मग त्या लिंबाखाली पुन्हा कोण कशाला बसेल?  शेवटी त्याने जसं घडलं तसं सांगितलं. साहेबांनी हेमसिंगला विचारलं, तुला काही म्हणायचं आहे का. हेमसिंग म्हणाला, "खरं हाय, सायेब. म्याच जाळली." सात महिने डोक्यावर असलेलं ओझं उतरवावं तसा तो बोलला, आणि शांतीलाल वकिलांनी डोळे मिटून घेतले.

दोन वर्षं सक्तमजुरी. साहेबांनी सांगितलं की कायदा सात वर्षांपर्यंत देतो, पण आरोपीने नुकसान भरून द्यायची तयारी दाखवली, हे ध्यानात घेतलं आहे. म्हणजे त्याच कागदाने सजा दिली आणि त्याच कागदाने ती कमी केली. हे जगदेवने चंदाबाईला बाहेर समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिला त्यातलं पहिलंच वाक्य कळलं. तोपर्यंत ती समजत होती की कागद चालला नाही. आता तिला समजलं की तो चालला.

हेमसिंगला बाहेर आणलं तेव्हा हातात बेड्या होत्या. अकोल्याला न्यायचं होतं, मोटारीला वेळ होता. शिपाई भला निघाला. त्याने दोघांना ओट्यावर बसू दिलं आणि स्वतः विडी पेटवली. चंदाबाईने भाकर सोडली. बेड्यांमुळे त्याला तुकडा नीट मोडता येईना, म्हणून ती मोडून हातात देत होती. एरवी चार माणसांत तिने असं केलं नसतं.

त्याने आईला जपायला सांगितलं. औषध संपलं की आणायचं, छपराला पाला टाकायचा. मग हळूच विचारलं, "कागद त्याईच्या हाती कसा लागला?"

मला काय माहीत, असं म्हणता आलं असतं. नायकाचं नाव घेता आलं असतं, पूनमचंदचं तर सहज. दोन वर्षं तो खडी फोडताना त्यांनाच शिव्या देत बसला असता. चंदाबाईच्या मनात हे सगळं येऊन गेलं.

"मी देला," ती म्हणाली. "मले वाटलं, सरकारले पटत नाई, तं कागद दाखवा."

तो चावायचा थांबला. तिच्याकडे बघत राहिला, आणि ती मार खायच्या तयारीने बसावी तशी बसून राहिली. मग त्याने तोंडातला घास गिळला.

"तुह्या जागी मी असतो तं मीबी देला असता," तो म्हणाला. "जिवाले लावून घेऊ नोको. मले पानी दे."

तिने तांब्या त्याच्या तोंडाला लावला. तो रागावला असता तर तिला सोसलं असतं, हे मात्र सोसेना. मोटार आली आणि शिपायाने विडी विझवली. जाताना हेमसिंगने वळून जगदेवला सांगितलं की माझं काम अर्धवट राहिलं, माफ कर. जगदेव मोटारीमागे चार पावलं चालत गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच चंदाबाई जगदेवच्या वावरात हजर. ज्वारी गुडघ्याला आली होती, ओळींमधले तास तणाने भरले होते. रात्रभर नानीबाईने तिला विचारून विचारून भंडावलं होतं. पोरगा कधी येणार, मिटलेलं पुन्हा कोणी उकरलं. तिने म्हातारीलाही खरं सांगितलं होतं. म्हातारी भिंतीकडे तोंड करून निजली.

ती निंदायला बसलेली पाहून जगदेव धावत आला.

"बाई, तू घरी जाय. त्याले सजा झाली. आता माह्यं त्याच्याकडं काईच बाकी नाई."

"सजा सरकारनं देली," चंदाबाई म्हणाली. तिचा हात थांबला नव्हता. "तुमची सुगी बाकी हाय. दीड."

"कागदबी आता कोर्टात जमा हाय. कोन इचारनार तुले?"

"तो इचारल," ती म्हणाली. "दोन वर्सानं आला का पयलं हेच इचारल, जगदेवभाऊचं काम झालं का. तवा मी काय सांगू त्याले?"

एवढं बोलून होईपर्यंत तिचा आवाज धड होता. मग तो फुटला. काल कोर्टात, मोटारीत, घरी सासूपुढे, कुठेच ती रडली नव्हती. आता रडली, आणि रडताना खुरपं चालूच राहिलं, त्यात ज्वारीची दोन ताटं कापली गेली. तिने ती उचलून बाजूला ठेवली. चूक झाली म्हणाली.

 जगदेव गोठ्यातून दुसरं खुरपं घेऊन आला आणि तिच्या शेजारचा तास धरून बसला. उन्हं वर येईपर्यंत दोघं निंदत पुढे सरकत राहिली. धुऱ्यापर्यंत पोचल्यावर ती उठली, कंबर सरळ केली आणि पुढच्या तासाला लागली.